लिनक्सवर स्क्रीन लुकलुकते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना मी लिनक्स बसवून दिलं त्या मित्रमंडळींकडून, नातेवाइकांकडून, कॉलेजच्या मुलांकडून मला सगळ्यात जास्त येणारी तक्रार हीच: स्क्रीन लुकलुकते, काय करू? इंटरनेटवरून मिळालेले पाच-सहा पॅरामीटर (लिनक्सला सुरू होताना द्यायच्या सूचना) एकदम घालून बसलेले लोक मी पाहिले आहेत. चांगला पॅनल उगाच बदलून आलेलेही पाहिले आहेत. म्हणून माझा एकच आग्रह आहे. आधी लुकलुक कुठल्या थरात आहे ते शोधा, मग एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहून ठेवा. खालची उत्तरं त्याच क्रमाने आहेत.

१. स्क्रीन "लुकलुकते" म्हणजे नक्की काय होतंय, हे कसं ओळखू?

पाच मिनिटं नुसतं बघत बसा. संपूर्ण स्क्रीन एक-दोन सेकंद काळी होऊन परत येत असेल, तर बहुधा मॉनिटर आणि संगणक यांच्यातला दुवाच तुटतोय (प्रश्न ११). चित्र जागेवर आहे, पण उजेड भरभर कमीजास्त होतोय, तर संशय बॅकलाइटवर, म्हणजे पडद्यामागच्या दिव्यावर घ्या (प्रश्न १४). चित्र क्षणभर खाली-वर उडी मारतं किंवा आडव्या पट्ट्या येतात, तर ग्राफिक्स चिपकडून पॅनलला वेळेत माहिती पोचत नसावी (प्रश्न ५ आणि ७). एकच खिडकी थरथरते आणि बाकी सगळं शांत आहे, तर दोष ॲपचा किंवा कंपोझिटरचा, म्हणजे सगळ्या खिडक्या एकत्र करून पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रामचा (प्रश्न १०).

व्हिडिओ पाहताना चित्र मधेच आडवं कापल्यासारखं दिसतं, त्याला टेअरिंग म्हणतात. ती लुकलुक नव्हे. तिची कारणं वेगळी आहेत आणि इथले उपाय तिला लागू पडणार नाहीत.

२. बिघाड हार्डवेअरचा की लिनक्सचा, हे लवकर कळण्याचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि त्याला स्क्रू-ड्रायव्हर लागत नाही.

पहिली परीक्षा बायोसची. संगणक सुरू करताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायोसच्या सेटिंगमध्ये जा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. तिथे लिनक्स सुरूच झालेलं नसतं. तिथेही लुकलुक दिसली, तर केबल, पॅनल, वीजपुरवठा यांच्याकडे वळा, कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) पॅरामीटरमध्ये वेळ घालवू नका. तिथे दिसली नाही म्हणजे हार्डवेअर निर्दोष, असं मात्र समजू नका. बायोस साध्या रिझोल्यूशनवर चालतो आणि वीज वाचवायचे उपाय तिथे लागू नसतात.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात उपयोगी वाटते: लुकलुक चालू असताना स्क्रीनचं रेकॉर्डिंग करा आणि ते दुसऱ्या संगणकावर किंवा मोबाइलवर पाहा. रेकॉर्डिंगमध्ये लुकलुक आली, तर ती चित्र तयार होतानाच घडते आहे, म्हणजे ॲप, कंपोझिटर किंवा ड्रायव्हरचा थ्रीडी भाग. रेकॉर्डिंग स्वच्छ आहे आणि डोळ्यांना मात्र दिसतंय, तर चित्र नीट तयार होतंय आणि पुढच्या वाटेत बिघडतंय. ती वाट म्हणजे ड्रायव्हरचा डिस्प्ले विभाग, केबल आणि पॅनल. या एका परीक्षेने निम्मे पर्याय गळून पडतात.

तिसरी, लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर किंवा टीव्ही जोडा. दोन्हीकडे लुकलुकतं, की एकीकडेच?

चौथी, दुसऱ्या डिस्ट्रिब्यूशनचा (उबुंटू, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या प्रकाराचा) लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा पेनड्राइव्ह लावून बघा. शक्यतो तुमच्यापेक्षा नव्या कर्नलचं घ्या. तिथे सगळं ठीक असेल, तर तुमचा प्रश्न अपडेटने सुटण्यासारखा आहे.

३. इथल्या कमांड देवनागरीत आहेत. टाइप कशा करायच्या?

उच्चाराप्रमाणे वाचा आणि रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करा. अंकही इंग्रजी घ्या. टिंब, अंडरस्कोर, बरोबरचं चिन्ह आणि तिरकी रेघ जशीच्या तशी ठेवा, पॅरामीटरच्या मधे जागा सोडू नका. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

४. माझ्याकडे कुठलं ग्राफिक्स आणि कुठला ड्रायव्हर आहे? वेलँड आहे की एक्स११?

टर्मिनलमध्ये "एलएसपीसीआय -के" द्या. व्हीजीए किंवा डिस्प्ले असं लिहिलेल्या ओळीखाली वापरात असलेला कर्नल ड्रायव्हर दिसेल. इंटेल असेल तर आय९१५, आणि अलीकडच्या काही चिपवर एक्सई. एएमडी असेल तर एएमडीजीपीयू. एनव्हिडियाला कंपनीचा एनव्हिडिया किंवा मुक्तस्रोत नूवो. दोन चिप दिसल्या तर तुमचा लॅपटॉप हायब्रिड आहे, आणि एचडीएमआयचं भोक बऱ्याचदा एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. म्हणून अशा लॅपटॉपवर आतली स्क्रीन आणि बाहेरचा मॉनिटर यांचे उपाय वेगवेगळे असू शकतात.

वेलँड आणि एक्स११ या खिडक्या पडद्यावर दाखवायच्या दोन पद्धती आहेत, वेलँड नवी आणि एक्स११ जुनी. तुमच्याकडे कुठली ते सेटिंगमधल्या "अबाउट" पानावर बहुधा लिहिलेलं असतं. "आयएनएक्सआय -जी" (यातला जी मोठा) ही कमांड चिप, ड्रायव्हर आणि सेशन तिन्ही एकत्र दाखवते.

५. इंटेलचा लॅपटॉप आहे. टाइप करताना काही होत नाही, हात थांबले की स्क्रीन फडफडते. का?

हे वर्णन आलं की माझा पहिला संशय पॅनल सेल्फ रिफ्रेशवर, म्हणजे पीएसआरवर जातो. एरवी चिप सेकंदाला ६० वेळा पूर्ण चित्र पॅनलकडे पाठवते. पडद्यावर काही हलत नसेल, तर तेच ते चित्र पुन्हा पाठवण्यात वीज वाया जाते. म्हणून पॅनलमध्येच थोडी मेमरी ठेवतात. चित्र स्थिर झालं की चिप आराम करते आणि पॅनल स्वतःजवळच्या प्रतीवरून चित्र दाखवत राहतो. माउस हलला की चिपने पुन्हा जागं व्हायचं. या झोपण्या-उठण्यात चिप आणि पॅनल यांचा ताल चुकला की चित्र फडफडतं, कर्सर अडखळल्यासारखा वाटतो किंवा टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटतं.

उपाय म्हणजे कर्नलला "आय९१५.एनेबल_पीएसआर=०" हा पॅरामीटर देणं. तो कुठे द्यायचा ते प्रश्न ६ मध्ये आहे. ड्रायव्हर एक्सई असेल, तर सुरुवातीला आय९१५ ऐवजी एक्सई लिहा. पण थेट शून्यावर जाण्याआधी "=१" देऊन बघा. शून्य म्हणजे पूर्ण बंद. एक दिलं की फक्त जुनी, साधी पद्धत चालू राहते आणि पडद्याचा बदललेला तुकडाच पाठवणारी नवी पीएसआर२ बंद होते. बऱ्याचदा खोड पीएसआर२ मध्येच असते, आणि मग बॅटरीची थोडी बचत हातात राहते.

पीएसआर बंद करूनही फरक पडला नाही, तर तो पॅरामीटर काढा आणि "आय९१५.एनेबल_एफबीसी=०" बघा. एफबीसी म्हणजे चित्राची मेमरीतली प्रत दाबून लहान ठेवण्याची सोय. तिसरा पर्याय "आय९१५.एनेबल_डीसी=०". यात डिस्प्लेच्या भागाला गाढ झोपू दिलं जात नाही. त्यामुळे बॅटरी लवकर संपते, म्हणून तो शेवटी.

तिन्ही एकदम घालू नका. लुकलुक थांबेल, पण कशामुळे थांबली ते कळणार नाही, आणि तीन ठिकाणची वीज कायमची खर्च होत राहील.

६. पॅरामीटर घालायचा कुठे? काही बिघडलं तर?

आधी एकाच बूटपुरता घाला, म्हणजे बिघडण्याची भीती नाही. संगणक सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचा) मेनू आणा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवा). पहिली ओळ निवडून "ई" दाबा. पुढच्या पानावर "लिनक्स" या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा, तिच्या अगदी शेवटी जा, एक जागा सोडून पॅरामीटर लिहा आणि कंट्रोल+एक्स किंवा एफ१० दाबा. पुढच्या वेळी रीस्टार्ट केलं की ते आपोआप नाहीसं होतं.

पॅरामीटर खरोखर लागला का, ते "कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन" या कमांडने तपासा. टाइप करताना एक अक्षर चुकलं तर कर्नल ते मुकाट दुर्लक्षून पुढे जातो, आणि आपण उगाच म्हणतो की "हा उपाय चालत नाही".

एक-दोन दिवस सगळं शांत राहिलं, तर कायमचं करा. डेबियन, उबुंटू, मिंट आणि सी-डॅकचं डेबियनवर आधारलेलं बॉस यांत "/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब" ही फाइल अ‍ॅडमिनच्या अधिकाराने उघडा. "ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट" (सगळी मोठी अक्षरं) या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत, आधीच्या शब्दांच्या पुढे पॅरामीटर जोडा. फाइल सेव्ह करून "सुडो अपडेट-ग्रब" द्या. फेडोरात हेच काम "ग्रबी" कमांड करते. पॉप ओएसवर त्यासाठी "कर्नलस्टब" आहे. फाइलला हात लावण्याआधी तिची एक प्रत काढून ठेवा.

७. लॉग पाहा असं सगळे सांगतात. त्यात शोधायचं काय?

लॉग म्हणजे संगणकाने स्वतः ठेवलेल्या नोंदी. लुकलुक झाली की घड्याळ बघा आणि वेळ लिहून ठेवा. मग "जर्नलसीटीएल -के -बी" देऊन त्या मिनिटाच्या आसपासच्या ओळी वाचा. लॉगमध्ये लाल रंगाच्या ओळी नेहमीच असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचा स्क्रीनशी संबंध नसतो. वेळ जुळते तीच ओळ कामाची.

इंटेलवर "फिफो अंडररन" दिसलं, तर पडद्याला हवी ती माहिती मेमरीतून वेळेवर आली नाही. रेल्वेच्या इंडिकेटरवर गाडीचं नाव येईपर्यंत गाडी सुटून जावी, तसं. बूट होताना एखादं अंडररन आलं तर सोडून द्या. दर लुकलुकीला नवी ओळ पडत असेल, तर प्रश्न ५ मधले उपाय करा आणि जमल्यास रिफ्रेश रेट (सेकंदाला चित्र किती वेळा पाठवायचं तो आकडा) कमी करून बघा. "लिंक ट्रेनिंग फेल्ड" आलं तर केबल, डॉक किंवा पोर्ट (प्रश्न ११). "ईडीआयडी" आणि "चेकसम" हे शब्द जोडीने आले तर मॉनिटर स्वतःची ओळख नीट सांगत नाहीये. त्यामागेही बऱ्याचदा केबलच असते. "फ्लिप डन टाइम्ड आउट" म्हणजे नवं चित्र लावून झाल्याची पोच चिपकडून आली नाही. हा ड्रायव्हरचा प्रांत आहे (प्रश्न १६).

लॉगमध्ये काहीच नसणं हीसुद्धा माहितीच आहे. कर्नलला काही खटकलंच नाही, म्हणजे शोध बॅकलाइट, पॅनल किंवा वरच्या ॲपकडे वळवा.

८. एएमडी रायझनचा लॅपटॉप आहे. रॅम भरली की स्क्रीन पांढरी होऊन लुकलुकते. रॅम खराब आहे का?

शक्यता कमी. रायझनच्या आतल्या ग्राफिक्सला स्वतःची वेगळी मेमरी नसते, ती मुख्य रॅममधूनच घेतात. पूर्वी पडद्याचं चित्र रॅमच्या राखून ठेवलेल्या सलग तुकड्यात असे. नंतर ते रॅममध्ये जिथे जागा मिळेल तिथे विखरून ठेवण्याची सोय आली, तिला स्कॅटर-गॅदर डिस्प्ले म्हणतात. काही मशीनवर रॅमवर ताण आला की ती गडबडते. "एएमडीजीपीयू.एसजी_डिस्प्ले=०" या पॅरामीटरने ती बंद होते. हा उपाय ड्रायव्हरच्या अधिकृत माहितीतच दिलेला आहे. बायोसमध्ये ग्राफिक्ससाठी राखीव मेमरी वाढवायची सोय असेल, तर ५१२ एमबी किंवा त्याहून जास्त करून बघा. त्यानेही काहींचं काम भागतं.

स्थिर पडद्यावर फडफड असेल, तर इथेही पीएसआर असतंच. त्यासाठी "एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०". नव्या लॅपटॉपवर पॅनल रिप्ले नावाची पुढची पद्धत असते. तीही सोबत बंद करायची तर शेवटचा भाग "०एक्स४१०" करा.

एएमडीवर आणखी एका गोष्टीला लोक बिघाड समजतात. बॅटरीवर जाताच रंग फिकट होतात, पांढऱ्या खिडकीवरून काळ्या खिडकीवर गेलं की उजेड सावकाश बदलतो. ती वीज वाचवण्यासाठी मुद्दाम केलेली बॅकलाइटची कपात आहे. पॉवर मोड "बॅलन्स्ड" वरून "परफॉर्मन्स" वर नेला की थांबते, किंवा "एएमडीजीपीयू.एबीएमलेव्हल=०" द्या.

९. एनव्हिडिया आणि वेलँड. काही खिडक्यांमध्ये जुनी आणि नवी चित्रं आलटून पालटून दिसतात.

टाइप केलेलं अक्षर उमटतं, गायब होतं, परत येतं, असंच ना? याचं कारण ठाऊक आहे. लिनक्सच्या ग्राफिक्समध्ये "चित्र काढून झालं, आता दाखवा" हा निरोप पूर्वी अध्याहृत असे. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर तो पाळत, एनव्हिडियाचा पाळत नसे. त्यामुळे अर्धवट किंवा आधीचं चित्र पडद्यावर येई. एक्सवेलँडमधून, म्हणजे एक्स११ ची ॲप वेलँडवर चालवणाऱ्या दुव्यातून चालणाऱ्या जुन्या ॲपना हे फार भोवलं. २०२४ मध्ये हा निरोप उघडपणे देण्याची पद्धत, म्हणजे एक्स्प्लिसिट सिंक, सगळ्यांनी स्वीकारली. त्यासाठी ड्रायव्हर ५५५ किंवा पुढचा, एक्सवेलँड २४.१ किंवा पुढचं, आणि डेस्कटॉप केडीई प्लाझ्मा ६.१ किंवा जीनोम ४६.१ किंवा त्यापुढचं असावं. यांतला एक जरी जुना राहिला, तरी फायदा मिळत नाही. म्हणून नुसता ड्रायव्हर बदलून "काही झालं नाही" असं म्हणणारे बरेच भेटतात.

केप्लर पिढीची जुनी कार्डं ४७० च्या ड्रायव्हरवरच थांबली आहेत, त्यांना हे मिळणार नाही. त्यांनी एक्स११ वर चालणारा एक्सएफसीई किंवा सिनॅमनसारखा डेस्कटॉप घ्यावा. जुनं कार्ड आहे म्हणून संगणक भंगारात द्यायची गरज नाही.

१०. फक्त क्रोम किंवा एखादंच ॲप लुकलुकतं. बाकी सगळं ठीक.

मग कर्नलला हात लावू नका. ॲपच्या सेटिंगमध्ये "हार्डवेअर ॲक्सिलरेशन" बंद करून ॲप पुन्हा उघडा. लुकलुक थांबली तर मेसा (मुक्तस्रोत ड्रायव्हरचा थ्रीडी भाग) किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर अपडेट करा आणि ती सोय परत चालू करून बघा. ती कायमची बंद ठेवली तर व्हिडिओ पाहताना पंखा ओरडायला लागतो.

वेलँडवर क्रोम आणि इलेक्ट्रॉनवर (क्रोमच्याच गाभ्यावर ॲप बनवायच्या साधनावर) बनलेली ॲप "--ओझोन-प्लॅटफॉर्म=वेलँड" देऊन उघडली की एक्सवेलँडचा मधला टप्पा टळतो. फायरफॉक्स डिसेंबर २०२३ च्या १२१ व्या आवृत्तीपासून आपणहून वेलँड वापरतो. एक्सएफसीईमध्ये सगळ्याच खिडक्या हलवताना लुकलुकत असतील, तर "विंडो मॅनेजर ट्विक्स" मध्ये कंपोझिटर बंद करून एकदा पाहा.

११. बाहेरचा मॉनिटर दर काही मिनिटांनी काळा होऊन परत येतो.

केबल. दहातल्या बहुतेक वेळा केबलच, असं माझ्या अनुभवावरून सांगतो. मी स्वतः दोन संध्याकाळी ड्रायव्हर बदलण्यात घालवल्या होत्या आणि शेवटी शेजाऱ्यांची केबल लावताच मॉनिटर शांत झाला.

फोर-के चित्र ६० हर्ट्झवर न्यायला एचडीएमआयमधून सेकंदाला जवळपास १८ गिगाबिट जावे लागतात. जुन्या १.४ च्या काळातली केबल १०.२ च्या हिशेबाने केलेली असते. ती बंद पडत नाही, कशीबशी चालते, आणि म्हणूनच फसवते. सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून ३० करा, किंवा १४४ असेल तर ६० करा. लुकलुक थांबली, तर केबल दमते आहे हे सिद्ध झालं. नवी घेताना पाकिटावर १८ गिगाबिटसाठी "प्रीमियम हाय स्पीड" आणि ४८ साठी "अल्ट्रा हाय स्पीड" लिहिलेलं बघा. गरजेपेक्षा लांब केबल घेऊ नका.

यूएसबी-सी डॉक (एका केबलवर अनेक पोर्ट देणारी पेटी) असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या केबलमध्ये चार जलद मार्ग असतात, आणि डॉकवर यूएसबी ३ चालू असेल तर बऱ्याचदा त्यांतले दोनच चित्रासाठी उरतात. त्या दोघांवर फोर-के ६० हर्ट्झ मावेलच असं नाही. मॉनिटर थेट लॅपटॉपला जोडून फरक पाहा.

१२. खुर्चीतून उठलं की किंवा पंख्याचं बटण दाबलं की मॉनिटर क्षणभर जातो. असं खरंच होऊ शकतं?

होतं. ही माणसं संकोचत विचारतात, पण त्यांचं निरीक्षण बरोबर असतं. गॅसवर खाली-वर होणाऱ्या खुर्चीतून उठताना स्थिर विजेची छोटी ठिणगी पडते आणि तिचा धक्का कमी आवरण असलेली केबल पकडते. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप चालू-बंद होतानाही तसंच. चांगल्या आवरणाची, दोन्ही टोकांना फेराइटचा गोळा असलेली केबल लावा, आणि मॉनिटरचा प्लग वेगळ्या बोर्डवर न्या.

आपल्याकडे याच्या जोडीला अर्थिंग तपासायलाच हवं. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खुपसलेला असतो, किंवा भिंतीतल्या बोर्डात तिसरी तारच नसते. लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. हा प्रश्न नुसत्या स्क्रीनचा नाही, तुमच्या जिवाचाही आहे. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच लुकलुक होत असेल, तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का ते बघा.

१३. गेम खेळताना, विशेषतः काळोख्या दृश्यांत, उजेड थरथरतो.

मॉनिटरला फ्रीसिंकसारखी व्हेरिएबल रिफ्रेश रेटची, म्हणजे गेमच्या वेगाप्रमाणे रिफ्रेश रेट बदलण्याची सोय असेल, तर ती बंद करून बघा. केडीईत तिचं नाव "अडॅप्टिव्ह सिंक" आहे. फ्रेमचा वेग खालीवर झाला की पॅनल प्रत्येक चित्र कमीजास्त वेळ धरून ठेवतो आणि गडद राखाडी रंगांत उजेडातला फरक डोळ्याला जाणवतो. व्हीए आणि ओएलईडी पॅनलवर हे ठळक दिसतं. हा पॅनलचा गुणधर्म आहे, लिनक्सचा दोष नाही. गेमचा वेग एका आकड्यावर बांधून ठेवला तरी बराच आराम पडतो.

१४. ब्राइटनेस कमी केला की डोळे आणि डोकं दुखतं. लुकलुक मात्र नीट दिसत नाही.

बरेच पॅनल उजेड कमी करण्यासाठी बॅकलाइट प्रत्यक्षात मंद करत नाहीत, तो भराभर बंद-चालू करतात. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. सेकंदाला दोन-तीनशे वेळाच होत असेल, तर काहींना त्रास होतो. अंधाऱ्या खोलीत पांढरी स्क्रीन उघडा आणि तिच्यासमोर पेन्सिल जोरात हलवा. सलग धूसर पट्टा दिसण्याऐवजी सुट्या-सुट्या पेन्सिली दिसल्या, तर पीडब्ल्यूएम आहे. ब्राइटनेस पूर्ण वाढवून हेच पुन्हा करा. तिथे सलग पट्टा दिसला तर खात्रीच झाली. मोबाइलच्या कॅमेऱ्याने तपासत असाल तर खोलीतले दिवे बंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवेच सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि कॅमेऱ्यात पट्टे पाडतात.

एलसीडी पॅनल असेल तर बॅकलाइट चढा ठेवा आणि चित्रच गडद करा. एक्स११ वर "एक्सरँडआर" च्या "--ब्राइटनेस ०.७" या पर्यायाने हे होतं. त्याआधी "--आउटपुट" देऊन पुढे स्क्रीनचं नाव लिहावं लागतं. बॅकलाइट त्याने बदलत नाही. त्रास थांबला नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

१५. लॅपटॉपचं झाकण हलवलं की लुकलुकतं, ठरावीक कोनात थांबतं.

बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल झिजली आहे किंवा कनेक्टर सैल झाला आहे. सॉफ्टवेअरने हे सुटणार नाही. आधी केबल बदलून मागा, पॅनल नंतर. पॅनल घ्यावाच लागला, तर जुन्याच्या मागच्या लेबलवरचा मॉडेल क्रमांक आणि पिनांची संख्या, ३० की ४०, टिपून घ्या. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर तुमच्या गावच्या दुरुस्तीवाल्याकडे, चुकीचा पॅनल गळ्यात पडणार नाही.

एक अपवाद मात्र आधी तपासा. झाकण बंद झालंय हे लॅपटॉपला चुंबकाच्या सेन्सरवरून कळतं. चुंबकाचं कडं, मोबाइलचं चुंबकी कव्हर किंवा खाली ठेवलेला दुसरा लॅपटॉप त्याला फसवतो, आणि स्क्रीन जाते-येते. "जर्नलसीटीएल -यू सिस्टिमडी-लॉगिनडी" मध्ये "लिड क्लोज्ड", "लिड ओपन्ड" अशा ओळी दिसल्या, तर कारण सापडलं.

१६. काल अपडेट केलं आणि आज सुरू झालं. आता?

ग्रबच्या मेनूत "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स" मधून आधीचा कर्नल निवडा. त्यात ठीक चालत असेल, तर नव्यातच काहीतरी मोडलं आहे. काही आठवडे जुन्यावर राहा आणि प्रश्न २० प्रमाणे कळवा. आधीच्या कर्नलवरही तेच दिसलं, तर "लिनक्स-फर्मवेअर" किंवा मेसा यांचंही अपडेट झालं होतं का ते पाहा. डिस्प्लेचा एक छोटा नियंत्रक चिपच्या आत असतो आणि त्याचा प्रोग्राम त्या फर्मवेअरच्या पॅकेजातून येतो.

उलटंही घडतं. लॅपटॉप अगदी नवा आणि डिस्ट्रिब्यूशन जुनं असेल, तर नवा कर्नल हाच उपाय. डेबियनवर बॅकपोर्ट्स, उबुंटूवर एचडब्ल्यूई कर्नल घ्या.

१७. सस्पेंडमधून उठवल्यावरच लुकलुकतं.

कंट्रोल+ऑल्ट+एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर जा आणि कंट्रोल+ऑल्ट+एफ१ किंवा एफ२ ने परत या. त्याने डिस्प्लेची मांडणी नव्याने होते. एवढ्याने थांबलं, तर उठताना ड्रायव्हर काहीतरी परत लावायला विसरतोय. हा कळवण्याजोगा बग आहे. बूट होताना स्क्रीन एक-दोनदा काळी होणं मात्र नेहमीचं आहे. बायोसचं साधं चित्र जाऊन खरा ड्रायव्हर ताबा घेतो तेव्हाचं ते आहे.

१८. "नोमोडसेट" घातलं की थांबतं. तसंच ठेवू का?

नको. त्याने खरा ग्राफिक्स ड्रायव्हर बाजूलाच राहतो. रिझोल्यूशन अडकतं, ब्राइटनेस आणि सस्पेंड बिघडतात, सगळा भार प्रोसेसरवर पडतो. अडकलेल्या मशीनमध्ये शिरून अपडेट करण्यापुरता वापरा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्स चालवताना लुकलुक असेल, तर त्याचीही गरज नाही. व्हिडिओ मेमरी १२८ एमबी करा आणि थ्रीडी ॲक्सिलरेशन बंद करून बघा.

१९. विंडोजमध्ये त्याच मशीनवर काही होत नाही. म्हणजे दोष लिनक्सचाच ना?

तसा निष्कर्ष लगेच काढू नका. दोन्हीकडचा रिफ्रेश रेट, रिझोल्यूशन आणि रंगांची खोली सारखी आहे का ते आधी जुळवा. विंडोज ६० हर्ट्झवर आणि लिनक्स १४४ वर असेल, तर कमकुवत केबल फक्त लिनक्समध्ये उघडी पडते. सगळं सारखं असूनही लिनक्समध्येच लुकलुकत असेल, तर हो, ड्रायव्हरकडे बोट दाखवायला जागा आहे. एखाद्या पॅनलची खोड विंडोजच्या ड्रायव्हरला ठाऊक असते आणि लिनक्सच्या ड्रायव्हरला अजून कुणी सांगितलेली नसते. ती सांगणारे तुम्ही असू शकता.

२०. बग कळवायचा कसा? माझं इंग्रजी बेताचं आहे.

चालतं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना भाषेपेक्षा माहिती हवी असते. इंटेल आणि एएमडीच्या कर्नल ड्रायव्हरचे बग फ्रीडेस्कटॉपच्या गिटलॅबवर घेतात. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल, कर्नलची आवृत्ती ("यूनेम -आर"), लुकलुक कधी होते आणि कधी होत नाही, प्रश्न २ मधल्या चारही परीक्षांचे निकाल, आणि कुठल्या पॅरामीटरने फरक पडला किंवा पडला नाही, हे छोट्या वाक्यांत लिहा. "डीआरएम.डीबग=०एक्सई" घालून बूट करा, लुकलुक होऊ द्या आणि "डीएमईएसजी" चा सगळा मजकूर फाइल म्हणून जोडा. मोबाइलवर काढलेला दहा सेकंदांचा व्हिडिओही जोडा. जोडण्याआधी लॉगमध्ये तुमचं नाव, संगणकाचं नाव किंवा वाय-फायचं नाव राहिलं नाही ना, ते एकदा वाचून घ्या.